वायच फुडे

विंडसर्फिंगच्या जुन्या सामानाची पेटी उघडली तेव्हा फॉइलच्या आधी नजरेत आल्या त्या पेन्सिलीच्या रेघा. बोर्डाच्या मधल्या खाचेशेजारी पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर आखलेल्या. दोन रेघा जाड, त्यांच्यापुढे वाऱ्याचे आकडे. बूमवरही, म्हणजे शीड हातात धरायच्या दांड्यावरही, तसंच. फॉइलच्या मागच्या पंखाखाली घालायच्या पातळ पाचरी चहाच्या डब्यात, एकेक कागदात गुंडाळलेली, आणि त्या कागदांवरही आकडे. विकणारा सत्तरीचा, इथला, नेदरलँड्समधल्या होर्नचाच. गुडघा आता नाही म्हणतो, एवढंच बोलला. पेटी माझ्या गाडीत ठेवता ठेवता थांबला आणि त्यानं विचारलं, ‘वजन किती तुझं?’ मी सांगितलं. ‘मग माझ्या रेघा पुसून टाक,’ म्हणाला.

अजून पुसलेल्या नाहीत. मला काही उपयोग नाही त्यांचा. तो चांगला धिप्पाड गडी, मी त्याच्या अर्ध्याहून थोडी जास्त. पण एखाद्याचं शरीर इतकं नीट लिहून ठेवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

माझ्या वजनाची अशी कामापुरती चौकशी त्याआधी एकाच माणसानं केली होती. माझ्या आजोबांनी.

आमची होडी वेंगुर्ल्याच्या बंदराला असायची. बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नाही हा दंडक घरात पक्का होता. मला मात्र वर्षातून एकदा सूट मिळे. पावसाच्या तोंडावर होडी मांडवीच्या खाडीत नेऊन वर ओढायची असे. ओढताना जड जाऊ नये म्हणून तिच्या पोटातले दगड आधीच धक्क्यावर उतरवलेले असत. दगड नाहीत आणि शीड तर लावायचंय, अशी होडी वाऱ्याची जराशी थाप बसली तरी कलंडायला बघते. मग आजोबा मला काखेत धरून आत ठेवायचे. ‘औंदा वाढलंस गो,’ म्हणायचे, समाधानानं. मी तिथे नात म्हणून नव्हते, दगडांच्या जागी होते. होडीचं नाक पाण्यात घुसायला लागलं की ‘मागे हो’. नाक वर जाऊन होडी भरकटायला लागली की ‘वायच फुडे सर’. वायच म्हणजे किती, हे सुकाणू धरलेल्या त्यांच्या हाताकडे बघून कळायचं. हात सैल पडला की आपण बरोबर जागी आलो.

आता फॉइलचं. बोर्डाच्या पोटाखाली सुमारे 95 सेंटिमीटरचा खांब, त्याच्या टोकाला आडवी दांडी, दांडीच्या पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. वारा शिडात भरला, वेग आला, की पुढचा पंख बोर्डाला पाण्याबाहेर उचलतो आणि पायांखालची थपथप एकदम बंद होते. लोकांना वाटतं छोटा पंखही उचलायला मदत करतो. तो उलट शेपूट खाली दाबतो, म्हणून नाक वर राहतं. त्याच्याखाली अर्ध्या अंशाची पाचर घातली की बोर्ड लवकर उठतो, पण ओढही वाढते आणि वाऱ्याच्या झोताला तो लगाम न घातलेल्या घोड्यासारखा चौखूर उधळतो. पाचर काढली की वेग येतो, पण उठायला वारा जास्त लागतो.

खरी गंमत उचलीच्या गणितात आहे. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. त्यामुळे मघाशी नेमकं बसलेलं सगळं वारा थोडा चढला की अंगावर येतं. बोर्ड वर-वर चढत जातो, पंखाचं टोक पाण्याबाहेर डोकावतं, हवा आत ओढली जाते आणि उचल एका क्षणात नाहीशी. मग आपण शिडावरून पुढे फेकले जातो. हे टाळायचं तर शिडाचा पाया खाचेत थोडा पुढे सरकवायचा, म्हणजे शिडाचा भार नाकावर येतो. बूम थोडी खाली घ्यायची. पट्ट्या, हार्नेसच्या दोऱ्या, सगळं त्यामागोमाग. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशानं काय झालं याचा पत्ता लागत नाही. किनाऱ्यावरचे तरुण हे ऐकत नाहीत. ते मोठा पंख विकत आणतात.

आजोबांच्या हिशेबात विकत आणायचं काही नव्हतं. दगड होते आणि मी होते.

या खेळाच्या जन्माचे वाद मोठे आहेत. 1964 मध्ये पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बीनं फळीवर शीड उभं केलं. चार वर्षांनी कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे इंग्लंडच्या कोर्टात पीटर चिल्व्हर्स नावाच्या माणसाचा दाखला पुढे आला. 1958 मध्ये, बारा वर्षांचा असताना, त्यानं हेलिंग बेटापाशी असलंच काहीतरी चालवलं होतं, आणि त्या कोर्टात ते पेटंट टिकलं नाही. मला यातला ड्रेक आवडतो, कारण तो विमानांचा इंजिनिअर होता. फॉइल पाहिल्यावर वाटतं, की पाण्याखालचे पंख या खेळाला इतक्या उशिरा का सुचले? एनरिको फोर्लानिनीनं इटलीतल्या माज्जोरे सरोवरावर पंखांची बोट 1906 मध्येच उचलून दाखवली होती.

2024 च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात विंडसर्फिंग पहिल्यांदाच फॉइलवर झालं. सगळ्यांना सारखाच बोर्ड, सारखाच फॉइल. पुरुषांना 9 चौरस मीटरचं शीड, बायकांना 8. सामान सारखं म्हटल्यावर उरतं काय? पाचर, रेघा आणि स्वतःचं शरीर. आधीच्या बोर्डासाठी ज्यांनी उपाशी राहून अंग हलकं ठेवलं होतं त्यांनाच आता खाऊन वजन वाढवावं लागलं, कारण वारा शिडात भरला की त्याला तोलून धरायला माणूसच लागतो. ते वाचून मला काय आनंद झाला! सुवर्ण इटलीच्या मार्ता माज्जेत्तीला मिळालं. ब्रिटनची एमा विल्सन आधीच्या शर्यतींच्या एकूण गुणांत पुढे होती, पण शेवटी एकाच शर्यतीवर पदकं ठरणार असा नियम, त्यात तिला कांस्य. तो नियम मला अजिबात पटलेला नाही.

होर्नमध्ये हे सगळं बोलायला माणसं मिळतात. विंडसर्फिंगचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण 1984 मध्ये लॉस एंजलिसला जिंकणारा स्टेफान व्हान डेन बेर्ख याच गावात जन्मलेला. पण गावाचं मोठेपण जुनं आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक इथे होती, आणि त्याच कंपनीनं 1637 मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. लहानपणी त्या पडक्या वखारीत आम्ही लपंडाव खेळायचो. इथल्या धक्क्यावर उभं राहून ही जुळणी कुणाला सांगितली की लोक हसून मान हलवतात आणि विषय बदलतात. मीही फार ताणत नाही. कंपनीनं बांदा बेटांवर 1621 मध्ये जी कत्तल केली ती करवणाऱ्या कून नावाच्या तिच्या अधिकाऱ्याचा पुतळा गावच्या चौकात उभा आहे, आणि त्याच्याखाली बसून कॉफी पिताना मसाल्याचा व्यापार वगैरे कौतुकाचं बोलणं तोंडात येत नाही.

त्या जहाजांनाही पोटात भार लागे. परतीला माल भरपूर, पण जाताना जहाज हलकं, म्हणून खाली पिवळ्या विटा भरत आणि तिकडे गेल्यावर त्यांची बांधकामं करत. 1629 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘बटाविया’ जहाज फुटलं, त्याच्या तळात एका वेशीचे घडवलेले दगड होते. समुद्रातून काढून ती वेस आता तिकडच्या संग्रहालयात उभी केली आहे. ज्या गावासाठी ती निघाली होती तिथे कधी पोचलीच नाही.

आमच्या होडीला इंजिन बसलं तेव्हा मी शाळेत होते. कर्ज काढून काकांनी बसवलं. त्यावर घर चाललं, माझं इंजिनिअरिंगही झालं, हे मला नीट माहीत आहे. तरी त्या इंजिनावरचा माझा राग गेलेला नाही. पावसाच्या तोंडावर होडी धडधडत खाडीत जायची, शीड नाही, आणि मला कुणी हाक मारायचं नाही. मी धक्क्यावर उभी. आजोबा होडीत बसलेले, हात मांडीवर ठेवून, सुकाणू काकांकडे. काका वाईट नव्हते. त्यांना वजनाची गरज नव्हती, इतकंच.

इथला मार्करमेर तलाव हा खरं तर समुद्राचाच तुकडा. 1932 मध्ये 32 किलोमीटरचा बांध घालून डचांनी झाउडरझे नावाचा तो समुद्र बंद केला, पाणी गोडं झालं आणि हेरिंग धरणाऱ्यांचा धंदा बसला. आता उन्हाळ्यात होर्नच्या उपसागरात पाणवनस्पती इतक्या माजतात की फॉइलच्या खांबाला झुपके अडकून बोर्ड जागीच थांबतो. बांधानं हेरिंग गेली आणि हे गवत आलं, असं त्या पेटीवाल्या म्हाताऱ्याजवळ म्हटलं तर तो म्हणाला, त्याच बांधामुळे त्याच्या बापाला शेतीची जमीन मिळाली.

परवा काकीला फोन केला. तब्येत, काजू, पाऊस सगळं झालं. मग विचारलं, होडीतले ते दगड कुठे गेले गं? काकीला प्रश्न कळायलाच वेळ लागला.

‘ते? ते कित्याक व्हये तुका?’

‘असंच.’

‘थोडे बांधाक गेले. दोन न्हाणयेत आसत, पाय घासूक. एक तुझ्या काकान पापड सुकवताना फडक्यार ठेवूक घेतलो. बरो जड आसा. तो मात्र मी कोणाक देवचय नाय.’