लंडनची वही

धाकटा भाऊ सहा वर्षांपासून लंडनला आहे. "एकदा सगळे या," हे त्याचे म्हणणे आम्ही गेल्या वर्षी मनावर घेतले आणि आधी एक वही घातली. आमच्या शाळा दोन, एक शिरूरला, एक दौंडला. पगार दोन, आणि त्यातून जाणारे घराचे हप्ते. "गेल्यावर बघू" म्हणणे आम्हाला परवडत नाही.

पहिला मोठा खर्च इथेच होतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही आकडे मांडले तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसाची फी माणशी १२७ पाउंड होती. लेकरांना सूट नाही, म्हाताऱ्यांना नाही. अम्मी धरून आम्ही पाच जण, म्हणजे ६३५ पाउंड; सत्तर हजारांच्या वर. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. म्हणून विमानाचे तिकीट व्हिसानंतरच. आणि एक सांगतो, अर्जाच्या तोंडावर उसने आणून खाते फुगवू नका. रक्कम कुठून आली हे ते पाहतात. आम्ही भिशीच्या पैशांचाही कागद जपून ठेवला आहे.

बेरीज साडेसहा लाखांवर गेली. जवळ होते पाच. नात्यातल्या एकाने सुचवले, अम्मीला ठेवून जा, लाखभर वाचतील. अम्मीने ते ऐकले. म्हणाली, "मला काय, तो मोबाइलवर दिसतोच की." त्या रात्री वही मिटली ती चार दिवस उघडली नाही.

मग पॅरिस खोडले. मुलीचा हट्ट होता. पण त्याला शेंगेन व्हिसा वेगळा, मोठ्यांना ९० युरो, शिवाय ३० हजार युरोंचा विमा, रेल्वे, हॉटेल. मुलगी दोन दिवस बोलली नाही. मेची सुट्टीही सोडली, दिवाळीची धरली. नोव्हेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास मगरिब होते, तेव्हा फिरणे सकाळीच.

फिरण्याला मात्र लंडन स्वस्त आहे. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमलाही नाही. टिपू सुलतानचा लाकडी वाघ तिथेच आहे, आणि २०२४ मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखेही तिथलीच. बसचे भाडे २०२५ मध्ये पावणेदोन पाउंड होते. तासाभरात दुसरी बस धरली तर पुन्हा पैसे नाहीत. रोख घेत नाहीत, कार्डच लागते. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, म्हणजे आमचा धाकटा फुकट. दुकानातल्या मशीनने "रुपये की पाउंड" विचारले तर पाउंडच निवडायचे, नाहीतर दर त्यांचा लागतो.

अम्मीच्या आजारपणाच्या विम्यात मात्र काटकसर केली नाही. पाहुण्यांना तिथले इस्पितळ फुकट नाही.

आता अम्मीचा पासपोर्ट यायचा आहे. तिने भावासाठी साजूक तूप कढवायचे ठरवले होते. दूधदुभते आणि गोश्त तिथे नेऊ देत नाहीत, हे तिला अजून पटलेले नाही.