सशाचे कान

माझी नात बारा वर्षांची आहे. गेल्या डिसेंबरात तिच्या धाकट्या भावाचा पाय खेळताना मोडला आणि त्याचा वाढदिवस प्लास्टरसकट अंथरुणातच साजरा करण्याची वेळ आली. "त्याला मी ससा करून देणार," असे नातीने जाहीर केले. ससा म्हणजे केकचा. त्यासाठी सशाच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा साचाही घरात आला. देखरेखीचे काम माझ्याकडे होते; खरे सांगायचे तर ते मी आपण होऊन अंगावर घेतले होते.

केक सुरेख फुगला. घरभर खमंग वास दरवळला. साचा भट्टीबाहेर येताच मी म्हणालो, "हं, आता घाल पालथा!" तिने तो भीतभीत ताटात उपडा केला. मी वरून दोन थापा दिल्या. साचा उचलून पाहतो तो ससा ताटात आणि त्याचे दोन्ही कान साच्यात! नात रडली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने साचा खरवडायला घेतला. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते. उतावळेपणाबद्दल मी आयुष्यभर किती मुलांना बाकावर उभे केले होते!

सायंकाळी मी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. तेथील वृद्ध मालकांनी सारी हकिकत ऐकून विचारले, "गुरुजी, साच्याला लावले होते काय?"

"लोणी. चांगले वितळवून लावले होते."

"तेथेच चुकले. लोण्यात पाणी असते आणि दुधाचा अंशही असतो. तो अंश तापला की करपतो व चिकटतो. तूप लावा, तेही थिजलेले. पातळ तूप उभ्या कडांवरून ओघळून खोलगट जागी साचते आणि वरच्या कडा कोरड्या राहतात."

मग त्यांनी मला सावकाश समजावून दिले. धातू डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी त्यावर अतिशय बारीक खाचा असतात. अंड्यातील आणि दुधातील प्रथिने उष्णतेने घट्ट होताना त्या खाचांना धरून बसतात. साखर तर तापली की डिंकच होते. तूप या खाचा बुजवते आणि त्यावर भुरभुरलेला मैदा केकला धातूपासून दूर ठेवतो. साध्या गोल भांड्याच्या कडेने सुरी फिरवता येते. सशाच्या कानात ती कशी फिरवणार?

ते ऐकताना मला माझी आई आठवली. वड्या थापण्यापूर्वी ती ताटाला तुपाचा हात लावी, मोदकाच्या साच्यालाही लावी. ते मी शेकडो वेळा पाहिले होते. पण केक हा परका पदार्थ, त्याला आईचे नियम कसे लागू पडतील, अशी माझी समजूत!

नक्षीदार साच्यांचा हा नाद जुना आहे. युरोपात मातीच्या, कंगोरे असलेल्या साच्यांत केक भाजण्याची रीत होती. त्याच धर्तीवर अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी डेव्हिड डालक्विस्ट यांनी 1950 साली ओतीव ॲल्युमिनियमचा 'बंड्ट' साचा केला. प्रारंभी त्याला फारसे कोणी विचारीना. 1966 साली एका पाककला-स्पर्धेत त्यात भाजलेल्या केकला दुसरे बक्षीस मिळाले आणि मग त्याला एकाएकी मोठी मागणी आली. त्या साऱ्या गृहिणींनी कंगोऱ्या-कंगोऱ्यात तूप कसे पोहोचवले असेल, याचा विचार आता माझ्या मनात येतो.

निघताना बेकरीवाले म्हणाले, "आणि गुरुजी, दहा मिनिटे थांबा. गरम केक फार नाजूक असतो. थोडा निवला की त्याला बळ येते, तो आकसून कडा सोडतो. मात्र साच्यात तासभर विसरलात, तर साखर पुन्हा घट्ट होईल."

दुसऱ्या दिवशी नातीने कानांच्या टोकांपर्यंत कुंचल्याने तूप लावले, मैदा भुरभुरला, साचा आपटून जास्तीचा मैदा झाडला. केक भट्टीबाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर बसा आणि फक्त घड्याळ बघा."

मी बसलो. दहा मिनिटे इतकी लांब असतात, हे मला ठाऊक नव्हते.

ससा सुटला. डाव्या कानाचे टोक तेवढे किंचित तुटले होते. नातीने ते साखरेच्या पांढऱ्या लेपाने जोडून घेतले. केक समोर येताच भावाने तो बारकाईने न्याहाळला आणि आपल्या पायाकडे बोट दाखवून आनंदाने विचारले, "ताई, यालाही प्लास्टर घातलेस?"