सर्टिफिकेटवरचा क्रेव्हास

मनाली सोडताना हातात लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट पडलं. माझ्या नावाखाली छापलं होतं: सेल्फ अरेस्ट, अँकर, क्रेव्हास रेस्क्यू. क्रेव्हास, म्हणजे हिमनदीतली खोल भेग, मी लांबूनसुद्धा पाहिला नव्हता. आठवलं की अजून डोकं फिरतं.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला कधी ना कधी बर्फ खुणावतोच. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स जवळजवळ महिन्याचा. एवढी रजा मागितली असती तर साहेबांनी कायमचीच दिली असती. म्हणून एका कंपनीसोबत मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५२८९ मीटर, ‘ग्लेशियर ट्रेनिंगसह’. कंपनीचं नाव घेत नाही.

ट्रेनिंग झालं बकरथाचच्या वर, एका उतारावर. तिघांत मिळून एक आइस अ‍ॅक्स. सेल्फ अरेस्ट म्हणजे घसरताक्षणी पालथं व्हायचं, अ‍ॅक्सवर छातीचा भार टाकून तिचं टोक बर्फात रुतवायचं आणि बुटांना दातेरी क्रॅम्पॉन बांधलेले असतील तर पाय उचलून धरायचे, नाहीतर दाते अडकून माणूस कोलांटतो. हे पाठीवर पडून, डोकं खाली करून, पुन्हा पुन्हा घोटून घ्यायला हवं. आमच्या वाट्याला एकेकदा घसरणं आलं, तेही बसून, पोरं घसरगुंडीवर बसतात तसं. फोटो मात्र प्रत्येकाचा निघाला. क्रॅम्पॉनचे पट्टे आवळायला वाकलो तर मदतनीस पोरगा धावत आला, “रहने दो सर, मैं बाँध देता हूँ.” अँकर, म्हणजे दोर बांधायला बर्फात पुरायचा आधार, कधी शिकवणार विचारलं तर लीडर म्हणाला, “समिट के बाद.” समिटनंतर सगळ्यांना वसिष्ठच्या गरम कुंडाचे वेध लागले होते. लीडरला सगळ्यात आधी.

शिकणाऱ्याला गिऱ्हाईक केलं की असंच व्हायचं. पैसे भरण्याआधी विचारून घ्या, एका प्रशिक्षकामागे किती जण? हवा बिघडली तर सरावाचा दिवस कापणार की शिखराचा? एका दोरावरच्या तिघांपैकी एक क्रेव्हासमध्ये गेला, तर उरलेल्यांनी त्याचं वजन पेलत अँकर कसा पुरायचा, हे आमच्याकडून करून घेणार का? उत्तरादाखल शिखराचे फोटो आले तर फोन ठेवून द्या.

त्यापेक्षा इन्स्टिट्यूटमध्येच जा, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. तिथे डोक्रियानी बामक हिमनदीवर सराव होतो, ‘ए’ ग्रेड मिळाल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स कोर्सला घेत नाहीत. मग ४ ऑक्टोबर २०२२ ला त्याच अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलनात सापडली. पंचवीसहून जास्त जीव गेले. त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेली सविता कंसवाल तिथे प्रशिक्षक होती, तीही गेली. त्यानंतर सल्ला देताना जीभ अडखळते. हिमस्खलन ग्रेड बघत नाही.

आणि त्या मदतनीस पोराचं काय करू? उतरताना बर्फ मऊ पडला होता. गुडघा ताठ न ठेवता टाच कशी रोवायची, ऊन लागलेला उतार टाळून कुठून वळायचं, हे त्यानं मागे वळून वळून दाखवलं, कोणी न सांगता. अख्ख्या ट्रिपमध्ये अंगी लागलं ते एवढंच.

परवा भाचीनं विचारलं. तिलाही महिन्याची रजा मिळत नाही. तासभर कंपनीला शिव्या घालून झाल्यावर मी तिला त्याच कंपनीचा नंबर दिला. तो पोरगा सोबत येणार असेल तरच पैसे भर, असं बजावून.