रस्त्याचे जाणकार

फेरीवाल्यांविषयी माझी दोन मते आहेत. सकाळी लोकल गाठण्याच्या घाईत पदपथावरून अंग चोरून जाताना वाटते, या साऱ्यांना येथून उठवले पाहिजे. संध्याकाळी त्याच वाटेने परतताना मेथीची जुडी पिशवीत पडली, की वाटते, ही मंडळी आहेत म्हणून आपले बरे चालले आहे. दोन्ही मते अगदी मनापासूनची! तेव्हा रस्त्याचे नियम एकट्या माझ्यासारख्यावर सोपवण्यात अर्थ नाही.

मग ते कोणी करावेत? टेबलावर नकाशा पसरून रेघ मारणे सोपे असते. पण नकाशाला ऊन लागत नाही. दुपारच्या उन्हात पालेभाजी किती लवकर मान टाकते, स्टेशनातून बाहेर पडलेली माणसे कोणत्या बाजूला वळतात, हे त्याला काय ठाऊक? आमच्या भाजीवाल्या मावशींना ते ठाऊक आहे. एकदा मी विचारले, "मावशी, पलीकडच्या गल्लीत जागा दिली तर जाल का?" काटा सरळ करीत त्या म्हणाल्या, "मी जाईन की, दादा. गिऱ्हाईक येतंय का तिकडं, ते बघा."

वाजवी निर्बंध पाळून रस्त्यावर व्यापार करणे हे मूलभूत हक्कात मोडते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितले. पुढे २०१४ साली कायदा झाला. शहराच्या पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो म्हणतो. जेथे बाजार आपसूक रुजले आहेत, तेथे ते राखावेत, असेही सांगतो. मुंबईत मात्र या निवडणुकीचे मतदान व्हायला २०२४ साल उजाडले.

आणि खुर्ची मिळाली म्हणजे शब्दाला वजन आलेच, असे थोडेच आहे? अध्यक्षस्थानी आयुक्त, समोर टिपणांचा गठ्ठा, आणि बैठकीपायी बुडालेला दिवसाचा धंदा! म्हणून माझी एक साधी सूचना आहे. या समितीच्या बैठका दुपारी दोन ते चार या वेळात भराव्यात. तेव्हा गिऱ्हाईक नसते. ही वेळ काही मी शोधून काढलेली नाही; मावशींनी सांगितली.