हनुवटी पुढे नव्हती

शब्दांचा कीस काढणाऱ्यांचा मला राग यायचा. दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण चालू असताना आमचे एक सर होते. केस मांडताना कुणी ‘प्रोग्नॅथिझम’ म्हटलं की ते तिथेच थांबवायचे. ‘जबडा पुढे आलाय म्हणतेस, तो मोजलास का?’ बाहेर ओपीडीत पेशंट ताटकळलेले आणि आत एका शब्दावर वीस मिनिटं. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आहेत हे समोर दिसतंय. नाव काहीही द्या, पण उपचार सुरू करा, असं माझं मत होतं.

साताऱ्यात दवाखाना काढल्यावर ते आणखी पक्कं झालं. केसपेपरवर ‘स्केलेटल क्लास थ्री’ लिहायचं आणि आईवडिलांना सांगायचं, ‘खालचा जबडा जास्त वाढलाय.’ त्यांनाही ते पटायचं, कारण त्यांना हनुवटीच दिसत असायची.

तशीच एक आठ वर्षांची मुलगी आली. शाळेत मुलं चिडवतात म्हणून आईने आणली होती. चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, मी काढून घेतला. त्यावर दोन कोन मोजतात: कवटीच्या तळाच्या रेषेपासून वरचा जबडा किती पुढे आणि खालचा किती पुढे. स्टायनर यांच्या प्रमाणानुसार वरचा साधारण ८२ अंश, खालचा ८०, आणि दोघांतला फरक २. हिचा फरक आला उणे ३. मी फरक पाहिला, ‘क्लास थ्री’ लिहिलं आणि चिन कप दिला. हनुवटीवर वाटी, डोक्याला पट्टे, खालच्या जबड्याला मागे धरून ठेवायचं. दोन वर्षं त्यांनी ते केलं. दात थोडे सुधारले, मग वडिलांची बदली झाली आणि ती मंडळी गाव सोडून गेली.

सतराव्या वर्षी ती परत आली. दात पुन्हा उलटे. आई म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पट्टा रोज लावला होता. एक रात्र चुकवली नाही.’

त्या संध्याकाळी मी जुनं पाकीट काढलं. आठव्या वर्षीची फिल्म लाइटबॉक्सवर लावली, त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि टोकदार पेन्सिलीने सगळं पुन्हा काढलं. वरचा जबडा ७७. खालचा ८०. खालचा जिथे असायला हवा तिथेच होता. स्टायनर यांचे आकडे अमेरिकन चेहऱ्यांवरून आलेले आहेत आणि कवटीचा तळच आखूड असला तर हा कोन फसवतो, हे मला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या रीतीनेही मोजून पाहिलं. उत्तर तेच आलं. मागे राहिला होता तो वरचा जबडा. वरचा जबडा उंचीनेही कमी असला की तोंड मिटताना खालचा जबडा जास्त वर आणि पुढे फिरतो, आणि बिनदोष हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. मी दोन वर्षं तिलाच दाबून धरलं होतं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

खरा उपाय होता फेसमास्क. कपाळ आणि हनुवटीचा आधार घेऊन, रबरांनी वरचा जबडा पुढे ओढायचा, दिवसाचे बारा-चौदा तास. पण वरच्या जबड्याच्या हाडांमधले सांधे वयाबरोबर एकमेकांत घट्ट गुंततात. दहाच्या आत जेवढा गुण येतो तेवढा नंतर येत नाही आणि सतराव्या वर्षी तर शस्त्रक्रियाच उरते. म्हणजे मी एक शब्द चुकवला आणि त्या मुलीच्या वाढीची वर्षं हातातून गेली. फिल्ममध्ये उत्तर होतं. मी लिहिलेल्या नावाला ते विचारायची गरजच नव्हती. ‘क्लास थ्री’ दोन जबड्यांतला फरक सांगतो. चुकलं कोण, ते सांगत नाही.

हे नाव आलं कुठून तेही मग नीट आठवून पाहिलं. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये जे वर्ग पाडले ते पहिल्या कायमच्या दाढांवरून. वरची दाढ जागेवर आहे असं धरायचं आणि खालची तिच्या पुढे की मागे ते पाहायचं. डोक्याचा प्रमाणित एक्स-रे आला १९३१ मध्ये, अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांच्यामुळे. दाढांसाठी केलेली नावं आपण हाडांना लावली आणि वरची बाजू बरोबरच असणार हे गृहीतकही गुपचूप सोबत आणलं. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याची हनुवटी प्रसिद्ध आहे, पण २०१९ मध्ये दहा शल्यविशारदांनी त्यांची ६६ चित्रं तपासली तेव्हा पुढे आलेल्या खालच्या जबड्याबरोबर मागे राहिलेला वरचा जबडाही त्यांना दिसला.

आता मी वेगळं लिहिते. खालचा जबडा मागे आहे की मुळात लहान आहे? लहानपणी पडून कानाजवळचा सांधा जखडलेल्या मुलाचा जबडा नुसता मागे नसतो, तो वाढलेलाच नसतो. त्याला ‘मागे’ म्हटलं की सांध्याकडे लक्ष जात नाही. ‘हायपरप्लेझिया’, म्हणजे अतिवाढ, हा शब्द तर आपण कुठल्याही मोठ्या जबड्याला लावतो. एका बाजूची वाढ अजून चालू आहे की थांबली, हे तपासल्याशिवाय तो मी लिहीत नाही. काही मुलांचे दोन्ही जबडे ठीक असतात. पुढचे दात एकमेकांना अडतात म्हणून मूल जबडा पुढे सरकवून चावतं, एवढंच.

आईवडिलांशी बोलतानाही मी ‘व्यंग’ म्हणत नाही. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांचा वरचा जबडा अनेकदा शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे मागे राहतो. त्यांच्या आया आधीच ‘ग्रहण पाळलं नाहीस’ हे ऐकून आलेल्या असतात. त्यांना मी काय झालंय आणि कुठे झालंय तेवढंच सांगते.

त्या मुलीच्या केसपेपरवरची जुनी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिलं: वरचा जबडा मागे, खालचा प्रमाणात. दुसऱ्या दिवशी दोघींना बोलावलं, दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या आणि पहिली चुकीची होती असं सांगितलं. आई बराच वेळ कागदाकडेच पाहत राहिली. मुलीने विचारलं, ‘म्हणजे माझी हनुवटी तेव्हाही नीटच होती?’

‘हो गं,’ मी म्हटलं, ‘नीटच होती.’