अस्सल बरहुकूम नक्कल

घरच्या संगणकावरून सर्व्हरकडे रवाना केलेली फाइल वास्तविक जागची हलत नाही. ती जेथे होती तेथेच राहते, आणि दूरच्या एखाद्या यंत्रावर तिच्यासारखी दुसरी नव्याने लिहिली जाते. मराठी मजकुराची संकेतस्थळे सांभाळण्याच्या माझ्या व्यवसायात या साध्या वस्तुस्थितीइतके मोलाचे दुसरे काही मला आढळले नाही, कारण या कसबाचा सारा धर्म तिच्यातूनच निष्पन्न होतो. कचेरीतून दस्तऐवजाची नक्कल मिळते तेव्हा तिच्यावर नक्कल करणाराची सही असते, आणि तिच्याजवळच रुजवात घेणाराचीही असते. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने अस्सलाशी ताडून पाहावे, ही त्या दफ्तराची जुनी शिस्त. फाइलींच्या वहनात लिहिण्याचे काम यंत्र करते आणि ते अत्यंत वेगाने करते. रुजवातीची जबाबदारी मात्र माणसाकडे उरते, आणि माझ्या मते या व्यवसायातील कौशल्य म्हणून जे काही आहे ते सारे त्या रुजवातीतच आहे.

एफटीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेताचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ रोजी प्रसृत झाला. तो लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, आणि त्या वेळी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न आजच्या मानाने फार बिकट होता. एका यंत्राचा शब्द ३६ बिटांचा तर दुसऱ्याचा ३२ बिटांचा, एकाची अक्षरांची सांकेतिक सारणी आस्की तर दुसऱ्याची एब्सिडिक. अशा परस्परांची लिपीच न जाणणाऱ्या यंत्रांमध्ये दस्तऐवजांची देवघेव घडवून आणावयाची होती. म्हणूनच या संकेतात पुढे वहनाच्या दोन मुख्य रीती रूढ झाल्या: मजकूर असेल तर तो घेणाऱ्या यंत्राच्या रिवाजाप्रमाणे थोडा बदलून द्यावा, आणि अन्य काही असेल तर बिटामागून बिट जसेच्या तसे द्यावे. १९८५ च्या सुधारित नियमांतही, काही न सांगितल्यास मजकुराची रीत गृहीत धरावी, असेच ठरलेले आहे.

या सद्हेतूने केलेल्या बदलातच पुढील अनेक अनर्थांचे मूळ होते. विंडोजवर ओळीचा शेवट १३ आणि १० या दोन अंकांनी दाखवितात, लिनक्सवर केवळ १० ने. मजकुराच्या रीतीने वर चढवताना १३ गळून पडतो, खाली उतरवताना तो पुन्हा जोडला जातो, आणि लेखाच्या बाबतीत यात काहीच बिघडत नाही. परंतु छायाचित्राच्या पोटातही हे अंक ठायी ठायी आलेले असतात, तेथे ते ओळीचा शेवट दाखवीत नसतात, आणि तरीही आज्ञाधारक यंत्र ते गाळते किंवा वाढवते, तेव्हा चित्राचा चुराडा होतो. १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या पीएनजी या चित्रप्रकाराच्या निर्मात्यांनी हा धोका ओळखून जी योजना केली, तिच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. अशा प्रत्येक चित्राच्या आरंभी आठ अंक ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. आठवे बिट छाटणारी वाट मिळाली तर १३७ बिघडतो. ओळींचे शेवट एका दिशेने बदलले गेले तर १३ आणि १० ची जोडी मोडते, उलट दिशेने बदलले गेले तर अखेरचा एकटा १० मोडतो. चित्र उघडण्यापूर्वीच प्रवासात त्याच्याशी छेडछाड झाली की नाही, हे त्याच्या कपाळावर वाचता यावे, अशी ही दूरदृष्टी आहे.

संपूर्णतेचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. एफटीपीत हुकुमांचा आणि जबाबांचा मार्ग एक, आणि प्रत्यक्ष मालाचा मार्ग दुसरा, अशी विभागणी असते. नेहमीच्या पद्धतीत फाइल संपली हे कळण्याची खूण म्हणजे मालाचा मार्ग बंद होणे, एवढीच. परंतु तार तुटली तरी मार्ग बंदच होतो. तेव्हा संपणे आणि तुटणे यांतील भेद केवळ त्या बंद होण्यावरून करता येत नाही. हुकुमांच्या मार्गावरून २२६ हा काम पुरे झाल्याचा जबाब आला पाहिजे, आणि तो आल्यावरही दोन्हीकडच्या फाइलींचा आकार ताडून पाहिला पाहिजे. ज्या दस्तऐवजांचे महत्त्व विशेष, त्यांच्यासाठी मी शा-२५६ या पद्धतीने दोन्ही टोकांना ६४ चिन्हांची मुद्रा काढतो. अस्सलातील एखादे बिट जरी पालटले तरी ही मुद्रा सर्वस्वी निराळी होते, त्यामुळे दोन्ही मुद्रा जुळल्या म्हणजे मन निःशंक होते.

मराठीत काम करणाऱ्याला या सर्वांखेरीज नावांची चिंता वाहावी लागते. लिनक्सवर रोमी लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे भिन्न मानली जातात, विंडोजवर सामान्यतः नाहीत. त्यामुळे घरी व्यवस्थित दिसणारे चित्र सर्व्हरवर गेल्यावर बेपत्ता होते, हा अनुभव या क्षेत्रात सार्वत्रिक आहे. देवनागरी नावांत याहून सूक्ष्म संकट दडलेले असते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत नावातील अशी चिन्हे सुटी करून ठेवली जात. अशा मॅकवरून नाव जसेच्या तसे सर्व्हरवर गेले, आणि दुवा मात्र एकसंध ऱ ने लिहिलेला असला, तर पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसूनही सर्व्हर ती फाइल नाही म्हणून सांगतो. डोळ्यांची रुजवात येथे निरुपयोगी ठरते. म्हणून सर्व्हरवरील नावे मी लहान रोमी अक्षरांत, अंकांत आणि संयोगचिन्हांत ठेवतो, आणि मराठीचे सारे वैभव मथळ्यासाठी व मजकुरासाठी राखतो. यात भाषेची उपेक्षा नसून तिच्या सुरक्षित प्रवासाची तजवीज आहे.

वाचक कोणत्याही क्षणी दारात उभा असू शकतो, ही जाणीव क्रम शिकविते. आधी चित्रे रवाना करावीत, मग ज्या पानात त्यांचा उल्लेख आहे ते पान, आणि सर्वांच्या शेवटी त्या पानाकडे नेणारी अनुक्रमणिका. काढून घेताना हाच क्रम उलटा करावा. असे केल्याने कोणत्याही मधल्या क्षणी वाचकाला अस्तित्वात नसलेल्या वस्तूकडे बोट दाखविले जात नाही. मोठी फाइल असेल तर ती प्रथम तात्पुरत्या नावाने पूर्ण उतरू द्यावी आणि मगच तिला खरे नाव द्यावे, म्हणजे अर्धवट पान कोणाच्याही हाती पडत नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये पुढे आणलेला आरसिंक हा प्रोग्राम ही शिस्त आपण होऊन पाळतो. तो दोन्हीकडच्या फाइलींच्या तुकड्यांचे सारांशांक काढून केवळ बदललेला भाग पाठवितो, पलीकडे तात्पुरत्या नावाखाली संपूर्ण फाइल पुन्हा सांधतो, तिची समग्र रुजवात घेतो, आणि नंतरच ती मूळ नावावर बसवितो. लेखातील एक शब्द सुधारल्यावर सगळा ग्रंथ पुन्हा वाहून नेण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

गुप्ततेविषयी थोडक्यात सांगणे पुरे आहे. एफटीपीत पासवर्ड उघड्यावर जात असे, आणि वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही तो ऐकता येत असे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच पासवर्डांची चोरी झाल्यानंतर १९९५ मध्ये तेथील तातू इलोनेन यांनी सारी देवघेव गुप्त ठेवणारे एसएसएच हे आवरण निर्माण केले. त्यासाठी नेमलेले २२ क्रमांकाचे पोर्ट एफटीपीच्या २१ आणि दूरच्या यंत्रावर काम करू देणाऱ्या टेलनेटच्या २३ या दोहोंच्या मधोमध आहे, आणि ज्यांची जागा घ्यावयाची त्यांच्यामध्येच ते ठाण मांडून बसले. त्याच आवरणातून चालणारे एसएफटीपी आज सर्वत्र रुळले आहे, आणि २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी जुन्या एफटीपीचा आधारही काढून घेतला. पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हर आपली ओळखमुद्रा दाखवितो, तेव्हा ती खरी आहे की नाही हे न पाहता होकार देण्याची सवय पुष्कळांना असते. ही रुजवात पहिलीच असल्याने ती टाळणे मला सर्वांत अनुचित वाटते; माल कितीही अचूक असला तरी तो परक्याच्या घरी उतरविला तर उपयोग काय?

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी इतकेच आग्रहाने सांगतो, की सर्व्हरवर जे आहे ती नक्कल आहे, आणि नक्कल हाती आली म्हणून अस्सल कधी मोडीत काढावयाचे नसते. घरच्या संगणकावरील जागा मोकळी करण्याचा मोह होतो, सर्व्हर सदैव जागा आहे असा भरवसाही वाटतो. परंतु सर्व्हर भाड्याचा असतो, कंत्राटे संपतात, यंत्रे निकामी होतात, आणि मग पुन्हा उभे करावयाचे ते घरच्या प्रतीवरूनच. एखाद्या लेखकाने आयुष्यभर जुळविलेली वाक्ये जेव्हा माझ्या स्वाधीन होतात, तेव्हा त्यांत माझी भर नको असते आणि माझ्याकडून उणीवही चालण्यासारखी नसते. त्याने लिहिला तेवढा प्रत्येक अनुस्वार परक्या मुलखात बसलेल्या वाचकाला मिळाला पाहिजे. हे यंत्राच्या भरवशावर सोडण्याइतके क्षुल्लक काम नव्हे. ज्याच्या हातून नक्कल झाली, त्याने तिच्यावर आपल्या नावाने सही करता येईल इतकी खातरजमा केल्याखेरीज उठू नये.