कोडची शिदोरी

आपण प्रोग्रामर मंडळी स्वतःला कितीही भारी समजत असलो, तरी प्रोजेक्टमधला बराचसा कोड आपण लिहिलेलाच नसतो! लॉगिंगला एक रेडीमेड लायब्ररी, एक्सेलला दुसरी, पीडीएफला तिसरी. त्यातल्या प्रत्येकीला आणखी चार लागतात, त्या चौघींना आणखी. बिल्ड सुरू केलं की हा सगळा गोतावळा नेटवरून आपोआप येतो. म्हणूनच तो कधी दिसत नाही.

मला तो दिसला एका सहकारी बँकेच्या कामात. सर्व्हर रूममध्ये इंटरनेट नाही, पेनड्राइव्हसुद्धा तपासल्याशिवाय आत नाही आणि बिल्ड मात्र तिथेच करायचं. म्हणजे शिदोरी बांधूनच जायला हवं.

जावावाल्यांसाठी मेव्हनमध्ये ‘गो-ऑफलाइन’ ही सोय आहे. ती लायब्रऱ्या उतरवून आपल्या मशीनवरच्या ‘डॉट-एम-टू’ फोल्डरमध्ये ठेवते. पण नुसतं तिच्यावर विसंबू नका, बरं का! टेस्ट चालवणारा प्लगइन आपला एखादा तुकडा ऐन टेस्टच्या वेळीच मागतो. म्हणून माझी पद्धत साधी आहे. फोल्डर रिकामा करायचा, टेस्टसकट पूर्ण बिल्ड करायचं, मग नेट बंद करून पुन्हा तेच. दुसऱ्यांदाही पास? मगच पेनड्राइव्ह हातात घ्यायचा.

एवढा खटाटोप फक्त बँकवाल्यांनीच करायचा का? मार्च २०१६ आठवा. नावाच्या एका वादावरून एका प्रोग्रामरने आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज होतं. तेवढ्यावर जगभरातले बिल्ड धडाधड कोसळले. ज्यांच्याकडे स्वतःची कॉपी होती, त्यांचं काम निवांत चालू राहिलं.

पण शिदोरी शिळीही होते, राव. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या लायब्ररीत भलंमोठं भगदाड सापडलं, तेव्हा प्रत्येक ऑफिसात एकच प्रश्न होता : ही आपल्याकडे आहे का? ज्यांच्याकडे यादी होती, त्यांना लगेच उत्तर मिळालं. बाकीचे फोल्डर उपसत बसले. आणि बंद खोलीतल्या कॉपीला दुरुस्ती आपोआप मिळत नाही. ती कुणीतरी नेऊन द्यावी लागते.

म्हणून प्रत्येक डब्यासोबत दोन गोष्टी द्याच : आत काय काय आहे त्याची यादी आणि डबा भरल्याची तारीख. त्या बँकेत लोकांची आयुष्यभराची पुंजी आहे. तिच्या रखवालीला आपण काय आणून ठेवलंय, हे आपल्याला माहीत नको?